अर्धी बशी पोहे

नोकरी सोडायचं ठरवलं तेव्हा नवरा लगेच म्हणाला, "सोड. पण आईला तूच सांग." असा हा शूर माणूस!

सासूबाई मूळच्या नागपूरच्या. इथे भोपाळला सरकारी कचेरीत त्यांनी जन्मभर टायपिंग केलं, अंगात ताप असला तरी रजा टाकली नाही. कुठल्याही हळदीकुंकवाला माझी ओळख ठरलेली, "ही आमची सून. एम. पी. नगरला मॅनेजर आहे."

मॅनेजर कसली! कोचिंग क्लासमध्ये दिवसभर पालकांची आणि मालकांची बोलणी खाणारी. पुढे पुढे फोन वाजला की छातीत धस्स व्हायचं. दीर्घ श्वास घ्या म्हणे. ते मी चौकातल्या सिग्नलला घ्यायचे, पण छातीत धूरच जास्त जायचा. सकाळी सासूबाईंच्या हातचे पोहेसुद्धा घशाखाली उतरायचे नाहीत. मग मी बशीतली न उष्टावलेली बाजू हळूच कढईत परत ढकलायचे आणि वर झाकण ठेवायचे.

शेवटी राजीनामा दिला. सासूबाई मेथी निवडत होत्या तेव्हा त्यांना सांगून टाकलं.

"बरं," त्या म्हणाल्या, आणि मेथी निवडत राहिल्या.

मी त्यांच्या रागावण्याची तयारी करून गेले होते, या 'बरं'चं काय करायचं ते मला कळेना. नोकरी सुटली, मी घरी राहू लागले, तरी त्यांनी विषय काढला नाही. आपली मान खाली गेली असं त्यांना वाटत असेल, या विचाराने मला नोकरीपेक्षा जास्त धास्ती बसली.

संक्रांतीनंतर अशोका गार्डनमधल्या एका ओळखीच्या काकूंकडे हळदीकुंकू होतं. मी डोकं दुखतंय म्हणून पाहिलं. "साडी नेस," एवढंच उत्तर आलं.

काकूंनी कुंकू लावता लावता विचारलंच, "काय सूनबाई, आज ऑफिसची छुट्टी घेतली काय?"

माझ्या तोंडात तिळाचा लाडू होता. मी तो चावायचीसुद्धा थांबले.

"छुट्टी नाही. नोकरी सोडली तिनं," सासूबाई म्हणाल्या.

"अगंबाई! एवढी चांगली नोकरी! आता काय करून राहिली मग?"

"आता पोहे संपवते," सासूबाई म्हणाल्या. "इतके दिवस अर्धे कढईत परत जाऊन राहिले होते." आणि त्यांनी अत्तरासाठी हात पुढे केला.

तिथेच, सगळ्या बायकांसमोर, तोंडातल्या लाडवासकट मला रडू फुटलं.