पिकअपखालचे पाय

"बोलत ऱ्हावा, ताई," असं म्हणून ते पायांतल्या चपला काढत, रस्त्याच्या कडेला जोडीनं ठेवत आणि पाठीवर झोपून पिकअपखाली सरकत. आधी डोकं आत जाई, मग छाती, मग पोट. बाहेर उरत ते फक्त दोन पाय, टाचांना भेगा पडलेले. त्या पायांशी मी बोलत राहायचं, असं आमचं ठरलेलं होतं.

तुम्हाला हसू येईल. गल्लीलाही यायचं. सकाळी दूध आणायला निघालेला माणूस पाही तर काय, साठीला टेकलेली बाई प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून एका गाडीला लोणच्याचा मसाला समजावून सांगतेय.

हर्सूलमध्ये ते आमच्या अगदी समोर राहत. मूळचे फुलंब्रीच्या पुढच्या एका खेड्यातले. शेत वाट्यानं लावून पिकअप घेऊन शहरात आलेले. पहाटे मार्केटमधून भाजीपाला भरायचा, अजिंठ्याचा घाट उतरायचा आणि फर्दापूरच्या हॉटेलांना पोचवून परत यायचं, हा त्यांचा धंदा. गल्लीत सगळे त्यांना 'पिकअपवाले' म्हणत. त्यांचं खरं नाव मला पत्रिकेवर वाचून कळलं, तीही त्यांच्या मुलीच्या लग्नाची.

घाटाकडचा तो रस्ता कित्येक वर्षं खोदून ठेवलेला होता. माणसाचे मणके तिथं टिकत नव्हते, मग गाडीचे मागचे शॉकअप काय टिकणार? मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण त्यांनी एकदा चाकावरचे लोखंडी पाटे आणि धक्का खाणारा शॉकअप हातानं दाखवून सांगितलं होतं. "पाटे ओझं धरत्यात, ताई. शॉकअप उडी धरतो. उडी धरणारा गेला की वळणाला गाडी आपली ऱ्हात नाय." एकदा गॅरेजमध्ये बसवून आणलेला शॉकअप ऐन घाटात सुटून लोंबकळला होता. त्या दिवशी ते घरी आले ते चहाचा कप दोन्ही हातांनी धरून बसले. तेव्हापासून शॉकअप बदलायचे ते आपल्या दारात, आपल्या हातानं, असा त्यांचा नियम झाला.

तयारी पाहण्यासारखी असे. पुढच्या चाकांना दगड. मागची बाजू जॅकवर उचलली की शेजारी बाभळीचा ओंडका. चाक काढलं की चेसीखाली आडवी स्टेपनी. मग गाडीला धरून गदागदा हलवत, कान लावून ऐकत, परत हलवत. मला वाटे, माणूस चांगला आहे, पण भित्रा आहे.

खरं तर तिथं त्यांच्या बायकोनं बसायला हवं. पण ती जॅक बाहेर निघाला की पदराला हात पुसत म्हणे, "मी नाय बसणार. मला बघवत नाय." आणि आत जाऊन दाराला कडी लावून घेई. म्हणून ते काम माझ्याकडं आलं. आमच्या घरात माझं बोलणं हा तक्रारीचाच विषय होता. देवानं श्वासासाठी वेगळं नाक दिलं म्हणून ही बाई जगली, असं आमचे हे पाहुण्यांना सांगत. त्या बोलण्याची कुणाला गरज पडतेय म्हटल्यावर मी खुर्ची घेऊन लगेच हजर झाले.

पण ठरवून बोलायला लागलं की टकळीसुद्धा अडखळते. विषय संपत. मग मी पेपर वाचून दाखवी. "ताई, ते कोण कोण वारलं ते सोडून वाचा," खालून आवाज येई. एकदा काहीच सुचेना म्हणून सतराचा पाढा धरला, तर पाय अस्वस्थ झाले. "पाढे नका म्हणू. मास्तरची छडी आठवती, अन् पाना हातातून सुटतो." एकदा मी पाणी प्यायला थांबले. दोन घोट घेते न घेते तोच ते सर्रकन बाहेर. तोंडाला काळं लागलेलं, डोळे मोठे. "काय झालं?" त्यांनी विचारलं. मी हसले. तहान लागली होती हो, म्हटलं. ते हसले नाहीत. मी तांब्या खाली ठेवून बोलायला लागल्यावरच परत आत गेले.

मी हसत होते, पण मला त्या कामाची भीती वाटायची. एवढी मोठी गाडी आणि तिच्याखाली तो हातभर जॅक. शेजारून रिक्षा गेली तरी मी खुर्चीचे दांडे धरी. गंजलेला नट निघाला नाही की ते हातोडी घालत, आणि प्रत्येक ठोक्याला पिकअप किंचित हले. सुरुवातीला मी जॅककडं बघतच नसे. पुढं पुढं मला दुसरीकडं बघताच येईना. तोंडानं भाचीच्या लग्नाचं चाललेलं आणि डोळे जॅकवर. काम संपून त्यांचं डोकं बाहेर आलं की मगच मी जॅकवरची नजर काढी.

त्या सकाळी स्टेपनी पंक्चर काढायला टाकलेली होती. "आज ओंडक्यावर भागवू," ते म्हणाले. "एकाच बाजूचं काम हाय." मला ते आवडलं नाही, पण मला त्यातलं आवडण्या-न आवडण्याइतकं कळत नव्हतं. नव्या पाइपलाइनसाठी गल्ली खोदली होती, तो चर मुरूम टाकून बुजवला होता. वरून गाड्या जाऊन जाऊन तो रस्त्यासारखाच टणक दिसत होता. पिकअपची मागची बाजू त्याच्यावर आली होती.

आपल्याकडं पाणी रोज येत नाही, हे तुम्हाला माहीतच आहे. प्रत्येक गल्लीचा वार ठरलेला. आणि उशीर व्हायची इतकी सवय झालेली, की पाणी आधी येईल हे कुणाच्या स्वप्नातही नसतं. त्या दिवशी ते एक दिवस आधी आलं. घराघरातून पाण्याच्या मोटारी सुरू झाल्या. माझे ड्रम रिकामे होते. मी अर्धवट उठले. "बोलत ऱ्हावा, ताई," खालून आलं. मी बसले आणि भाचीला पाहायला आलेल्या मुलाकडच्यांची गोष्ट पुढं सुरू केली.

जॅकखालची माती काळी पडतेय, हे मला दिसलं. वाटलं, त्यांची पाण्याची बाटली सांडली असेल. मग ती ओल ओंडक्यापर्यंत पसरली. चराखालच्या पाइपलाइनमधलं पाणी वर येत होतं. आणि माझ्या डोळ्यांदेखत जॅकची मान माझ्या बाजूला कलली. थोडीशीच. मग आणखी थोडी.

मुलाची आई म्हणाली, असं काहीतरी मी बोलत होते. ते वाक्य तिथंच राहिलं. बाहेर या, एवढे दोनच शब्द म्हणायचे होते. तोंड उघडंच होतं, पण घशातून काही फुटेना. हात खुर्चीच्या दांड्याला घट्ट चिकटलेले. गल्लीभर मोटारींची घरघर, आणि माझ्यासमोर ते दोन पाय.

ते पाय हलले. त्यांनी काय झालं म्हणून विचारलं नाही. टाचा जमिनीत रुतवून ते अंग ओढत आले. गुडघे, पोट, छाती, डोकं. ते पुरते उठलेही नव्हते तेव्हा जॅक आडवा उडाला, ओंडका लोळला आणि पिकअपची मागची बाजू चाकाविना धाडकन जमिनीवर आली. मी मान वळवली तर त्यांची बायको उंबऱ्यात उभी होती. कडी तिनं केव्हा काढली, ते मला कळलं नाही.

ते रस्त्यावरच बसून होते. मग मला रडू फुटलं. "मला ओरडता आलं नाही हो," मी म्हणाले. "मला दिसत होतं, पण ओरडता आलं नाही."

"म्हणूनच तर बोलाया लावतो, ताई," ते म्हणाले.

मग त्यांनी सांगितलं, खाली बघत. "मह्या थोरल्या भावाच्या अंगावर ट्रॉली आली. मी समोरच हुभा होतो. जॅक सरकताना दिसला मला. तोंड उघडलं, आवाज नाय निघाला. लई भ्यालेल्या माणसाला वरडता येत नाय, ताई. पण त्यो गप तर व्हतोच."

इतके दिवस मला वाटत होतं की माझ्या बोलण्यानं त्यांना धीर येतो. ते तर माझं बोलणं थांबतंय का, तेवढंच ऐकत होते.

त्यानंतर ते काम सोडतील असं मला वाटलं. सोडलं नाही. घाट तोच होता आणि रस्ताही तोच. फक्त गाडी चरापासून लांब लावू लागले आणि स्टेपनीशिवाय चाक काढायचं बंद केलं. मी मात्र पहिल्यासारखी राहिले नाही. आधी मी मौजेनं बोलत होते. आता आवंढा गिळायचीही भीती वाटे. बोलताना माझा आवाज कापायचा. "ताई, पाढे म्हणा वाटल्यास," एकदा खालून आलं. मी सतराचा पाढा म्हटला, पुन्हा पुन्हा म्हटला, आणि त्यांनी मुकाट्यानं ऐकला.

गेल्या हिवाळ्यात ते गेले. घाटात नाही की गाडीखाली नाही, आपल्या अंथरुणात, झोपेत. ज्या दोन्ही ठिकाणांची आम्ही धास्ती घेतली होती, तिथं काही झालं नाही. नवे शॉकअप घातलेली पिकअप दारात उभी होती. दिवसकार्य झाल्यावर मी समोर जाऊन बसले. त्यांची बायको भिंतीला टेकून म्हणाली, "मी बाजूलाच होते, ताई. पण झोपले होते. कुणी बोलतच नव्हतं." मी तिचा हात धरून बसले.

पिकअप त्यांच्या पुतण्यानं गावाकडं नेली. समोर आता ऑइलचा काळा डाग तेवढा आहे. मी अजून सकाळी ओट्यावर खुर्ची टाकून बसते आणि पुण्याच्या लेकीशी फोनवर बोलते. परवा बोलता बोलता फोन कट झाला. मी तो तसाच कानाला धरून बसले, पलीकडून परत आवाज येतो का याची वाट बघत.

समोरची कडी वाजली. दार उघडून त्यांची बायको धावत बाहेर आली. दोन्ही हात पिठानं भरलेले. आधी तिनं त्या डागाकडं पाहिलं, मग माझ्याकडं. "काय झालं?" तिनं विचारलं. आवाज अगदी तसाच, त्यांच्यासारखा.

तेव्हा मला कळलं. इतकी वर्षं कडी लावून ती दारामागं उभी असायची, माझं बोलणं ऐकत.

"काही नाही, फोन कट झाला," मी म्हणाले.

ती तशीच उभी राहिली. श्वास खाली बसल्यावर म्हणाली, "बोलत ऱ्हावा, ताई." आणि दार उघडंच ठेवून आत गेली.

मी फोन मांडीवर ठेवला आणि समोरच्या रिकाम्या रस्त्याला लोणच्याचा मसाला सांगायला लागले, तिला ऐकू जाईल एवढ्या आवाजात.