टाकीतली हवा

कातारी दुपारी झोपायचा तो डाव्या कुशीवर, चांगला कान उशीत घालून. बहिणीच्या तावडीतून सुटायला माणसानं काढलेली ही सगळ्यात स्वस्त युक्ती, असं गल्लीत म्हणत. उजवा कान फार पूर्वी, गिरणीतली वाफेची टाकी फुटली तेव्हाच गेला होता. डावा उशीत गेला की घर गप्प.

बहीण सहा वर्षांनी मोठी. नवरा गेल्यावर, चार महिन्यांपूर्वी, दोन ट्रंका घेऊन भावाकडे राहायला आली आणि आठवड्याच्या आत गल्लीनं तिचं नाव हवालदार ठेवलं. तोंडावर अर्थात ताई. दूध उतू जाणार हे दुधाआधी तिला कळायचं.

त्याच चार महिन्यांत कातारी झोपून उठला तरी दमलेलाच दिसू लागला. त्याचं काम असं, की लाकडाचा तुकडा साच्यात ठेवायचा, भोवती रंगीत रेझिन ओतायचं, ते काचेसारखं घट्ट झालं की ठोकळा लेथवर चढवून पेनं कातायची. पण रेझिनमध्ये एक जरी बुडबुडा राहिला तरी कातताना तो फुटतो आणि पेनाच्या अंगावर देवीचे वण उठतात. आणि ताई आल्यापासून एकही ठोकळा धड निघाला नव्हता. या दोन गोष्टींची सांगड बिचाऱ्यानं कधी घातलीच नाही.

करायचं काय बाकी ठेवलं होतं? लाकूड भट्टीत कोरडंठाक केलं. किडीच्या भोकांना आधी रेझिनचा पातळ हात दिला, आत दडलेली हवा नंतर वर येऊ नये म्हणून. डबा कोमट पाण्यात ठेवला. रेझिन घट्ट करणारं हार्डनर घालून इतक्या सावकाश ढवळलं, की ताई म्हणाली, एवढ्या वेळात लग्न जमून मोडतं. एका कोपऱ्यातून सुतासारखी धार सोडली. मग साचा टाकीत. रंगाच्या फवाऱ्याची जुनी लोखंडी टाकी, झाकणावर चार नट. तिच्यात हवा भरली की दाबानं उरलेसुरले बुडबुडे डोळ्याला दिसणार नाहीत इतके बारीक होतात. मात्र रेझिन घट्ट होईस्तोवर, म्हणजे पुरता एक दिवस, तो दाब हलता कामा नये.

आणि तोच हलायचा. सकाळी दाबाचा काटा चाळीसावर सोडावा, तर संध्याकाळी विसावर. त्यानं झाकणाची रबरी रिंग दोनदा बदलली. हवा सुटत असेल तर फेस येईल म्हणून कडेनं साबणाचं पाणी फिरवलं. साबणात औषधाला एक बुडबुडा नाही; ठोकळ्यात मात्र वऱ्हाड उतरलेलं.

शेवटी त्यानं खापर हातांवर फोडलं. पूर्वी त्यानं आवळलेला नट सोडवायला दोघं लागायची. आता आवळतानाच मनगट थरथरतं. हात गेले, एवढंच तो म्हणाला आणि सुताराला निरोप धाडला, की रविवारी ये, लेथ घेऊन जा. लेथ गेल्यावर दिवस कसा काढणार, हे त्याला कुणी विचारलं नाही.

शुक्रवारी त्यानं शेवटचा ठोकळा ओतला. अक्रोडाच्या लाकडाची एक गाठ वर्षानुवर्षं जपून ठेवली होती, ती बाहेर काढली. हा स्वच्छ निघाला तर सुताराला नाही म्हणायचं, असं मनाशी ठरवलं. नट आवळून आवळून डावा खांदा भरून आला. दुपारी त्या कुशीवर निजवेना, तसा कुरकुरत उजवीकडे वळला.

चांगला कान उघडा पडला. भिंतीपलीकडून कुणीतरी दातांतून श्वास सोडावा तसा आवाज येत होता. बराच वेळ.

तो अनवाणीच उठला. कामाच्या खोलीत ताई उभी होती. हाताला भांड्यांचं फडकं गुंडाळलेलं, अंग टाकीपासून होईल तितकं लांब, तोंड भिंतीकडे आणि दोन बोटांत हवा सोडायचा कॉक. काटा उतरत होता.

"ताई."

ती दचकली नाही. कॉक बंद केला, तोही इतक्या सफाईनं की हात बसलेला दिसत होता.

"रोज?"

"तू भरतोस तेव्हा. निम्मीच काढते. निम्मी तुझ्या कामाला ठेवते की."

कातारी स्टुलावर बसला. भांडायला जे बळ लागतं ते नट आवळण्यात संपलं होतं. मला विचारायचंस तरी, म्हणाला. ती म्हणाली, विचारलं असतं तर तू काट्याचे आकडे समजावत बसला असतास. गिरणीतल्या त्या टाकीलाही काटा होताच. मग फडक्याची घडी घालत, त्याच्याकडे न बघता बोलली.

"एक कान गेला तेव्हा दवाखान्यात अकरा दिवस बसले मी. हाही गेला तर मी बोलायचं कुणाशी?"

त्यानं पुन्हा हवा भरली, पण रेझिन तोवर मधाहून घट्ट झालं होतं. शनिवारी ठोकळा निघाला तो बुडबुड्यांनी भरलेला. दोघांनी तो खिडकीशी धरून पाहिला. छानच दिसतो की, ताई म्हणाली, आणि उगाच नाक पुसलं. गाठ वाया गेली होती.

"हात ठीक आहेत माझे," तो म्हणाला. हरवलेली किल्ली आपल्याच खिशात सापडल्यावर माणूस बोलतो, तसं.

मग दोघांनी टाकी ओढत ओढत, तीनदा बसून, मागच्या अंगणात विटांच्या भिंतीआड नेली. हवा लांब नळीनं भरायची ठरली. टाकी भरलेली असताना त्यानं भिंतीपलीकडे फिरकायचं नाही, ही ताईची अट. कॉकला तिनं हात लावायचा नाही, ही त्याची.

रविवारी सुतार हातगाडी घेऊन आला. दार ताईनं उघडलं. लेथ विकायचा नाही, म्हणाली. अहो, त्यांनीच तर निरोप दिला, सुतार म्हणाला.

"त्याला एकाच कानानं ऐकू येतं," ताई म्हणाली. "निरोपही अर्धाच धरा."

कातारी आत लेथपुढे बसला होता, हात मांडीवर टाकून. नवं लाकूड वाळवायचं म्हणजे आणखी दोन दिवस. आज नको, उद्या बघू, असं पुटपुटत तो उठला आणि एक तुकडा भट्टीत ठेवून आला.