मुरलेलं पाणी

मी दुधनीकडची. आमच्या घरात कानडी, शेजारी मराठी, त्यामुळे दोन्ही भाषा बोलायची आणि दोन्हींत चुकायची. लग्न होऊन सोलापुरात रंगाऱ्याच्या घरी आले, तेव्हा नवी नवी असताना सासूबाईंनी विचारलं, "परड्यात सांडलेलं पानी कुटं गेलं गं?" जमिनीत पाणी शिरून नाहीसं झालं की आम्ही 'इंगितु' म्हणतो. मी घाईत म्हणून गेले, "इंगलं." सासूबाईंना बाजारापुरती कानडी येत होती, आणि बाजारात इंगु म्हणजे हिंग. त्या घरभर हिंगाचा डबा शोधत फिरल्या. पुढं कितीतरी दिवस घरात काही सांडलं की मला विचारायचे, "हिंग सांडला का?" मी आतल्या आत चरफडायची. सासरे तेवढे हसले नाहीत. ते म्हणाले, "आपल्यात मुरलं म्हनावं, पोरी." तेव्हापासून तो शब्द माझ्या मागं लागला.

सासऱ्यांना मी मामंजी म्हणायची. विणकरांचं सूत लाल रंगात रंगवून द्यायचं, हा त्यांचा धंदा. परड्यात चुलवणावर कढया उकळत आणि दोऱ्यांवर सुताच्या लडी वाळत. रंग चढायला घातलेलं मीठ धुतलेल्या सुतात राहिलंय का, हे ते धागा जिभेला लावून बघत. डोळे फसतात, जीभ फसत नाही, असं त्यांचं म्हणणं. मी येण्याआधी उरलेलं लाल पाणी सगळ्या रंगाऱ्यांसारखं तेही गल्लीत सोडत. शेजारी टांगेवाले चाचा राहत. एकदा त्या पाण्यावरून त्यांचा घोडा घसरून पडला. मामंजींना ते लागलं. त्यांनी परड्याच्या पार टोकाला, मुरमात खोल खड्डा खणला आणि सगळं पाणी त्यात सोडलं. कितीही ओता, खड्डा भरायचा नाही. मामंजी येणाऱ्या-जाणाऱ्याला तो खड्डा दाखवत आणि सांगत, "माजं पानी वाहत न्हाय, मुरतंय."

चाचांच्या आवारात विहीर होती. सोलापुरात गोड्या पाण्याची विहीर म्हणजे काय, ते इथं राहिलेल्यालाच कळेल. पाणी दोन्ही घरांचं तिथलंच. मधल्या भिंतीत जाण्यायेण्यापुरती वाट होती. आमचा दोर आणि घागर वेगळी, एवढं सोवळं पाळलं की सासूबाईंचं समाधान व्हायचं. मामंजी चाचांना भाई म्हणत आणि चाचा त्यांना रंगारी म्हणत. संध्याकाळी टांगा सोडला की दोघं विहिरीच्या कट्ट्यावर बसत आणि फारसं बोलतही नसत.

तीस साली सोलापुरात मार्शल लॉ लागला, त्याच्या आदल्या उन्हाळ्यात आमच्याकडं डाळ शिजेनाशी झाली. सासूबाईंनी आधी डाळीला नावं ठेवली, मग लाकडांना, मग अर्थातच मला. पण एका सकाळी चाचा भिंतीपाशी येऊन म्हणाले, "रंगारी, घोडा पानीकू मूँ नै लगा रहा. खारा हो गया पानी."

मामंजी म्हणाले, "उन्हाळा हाय भाई. विहीर आटली की पानी खारं हुतंच."

पाऊस पडला, विहीर भरली, तरी खारटपणा गेला नाही. उलट रंग दिसायला लागला. आमच्या पितळी घागरीत काही कळायचं नाही, पण चाचांच्या घरी चिनी मातीचे पांढरे वाडगे होते. त्यात पाणी ओतलं की गुलाबी झाक यायची. मामंजींनी एक पांढरीशुभ्र लड दोराला बांधून विहिरीत सोडली आणि दुसऱ्या दिवशी काढून सावलीत वाळवली. मग ती हातात घेऊन ओसरीवर बसले ते उठेचनात. आपला लाल रंग त्यांना हजारांत ओळखू आला असता. ज्याच्यासाठी खड्डा खणला, त्याच्याच विहिरीत तो निघाला होता.

त्यांनी त्याच दिवशी खड्डा राखेनं आणि मातीनं बुजवला. कढया उचलून गावाबाहेर ओढ्याकाठी नेल्या. त्या ओढ्याचं पुढं काय झालं ते मला विचारू नका, तेव्हा कुणालाच एवढी अक्कल नव्हती.

आम्हाला वाटलं, आता पाणी निवळेल. झालं उलटंच. पुढच्या वर्षी रंग जास्त गडद झाला. चाचांच्या घरातली ओढणी धुतली तर लालसर निघाली. मग गल्लीला बोलायला काय लागतं? रंगारी दिवसा कढया ओढ्याला नेतो आणि रात्री मागं खड्ड्यात ओततो, असं सुरू झालं. पिण्याचं पाणी आता गल्लीच्या नळावरून आणावं लागे. तिथं माझ्या तोंडावर एक बाई म्हणाली, "रंगाऱ्याच्या घरात पानी कुटंतरी मुरतंय." ती टोमणा मारत होती, आणि आमचं पाणी खरोखरच मुरत होतं. मी भांडी आपटून घरी आले आणि रडले.

चाचांनी भांडण केलं नाही. त्यांनी भिंतीतल्या वाटेत बाभळीच्या काट्या लावल्या, एवढंच. मामंजींना अन्न गोड लागेना. विहिरीचं दुःख होतंच, पण भाई आपल्याला खोटा समजतो हे त्यांना सोसवत नव्हतं. सासूबाईंनी देवाची शपथ घ्यायला सुचवलं. मामंजी म्हणाले, "शपत घेऊन मानूस खरा ठरत न्हाय."

त्या दिवसांत मी लोणचं घालत होते. मामंजी ओसरीवर बसून होते. मला राहवलं नाही. मी म्हणाले, "मामंजी, लोणच्यात मीठ मुरलं म्हणतो, ते जातं कुठं? फोडीतच असतं की. ताप अंगात मुरला म्हणतो, तो काय गेलेला असतो? मग पाणी मुरलं की ते गेलं, असं आपण का धरून चाललो?" सासूबाईंनी डोळे वटारले. मामंजी उठले आणि कोपऱ्यातली कुदळ घेतली.

त्यांनी भिंतीपाशी जाऊन चाचांना हाक मारली. "भाई, या. तुमच्यासमोर खणतो." चाचा काट्या न हलवता रस्त्यानं वळसा घालून आले. वरची राख आणि माती कोरडी खडखडीत निघाली. वर्षभर तिथं कुणी थेंब ओतला नव्हता, हे आंधळ्यालाही कळलं असतं. खाली मुरूम लागला तो लाल. आणखी खणलं, आणखी लाल. बाजूला विहिरीच्या अंगानं खणलं, तिथंही लाल. मामंजींनी मुरमाचा एक घट्ट गोटा काढून कुदळीच्या पाठीनं फोडला. बाहेरून गोटा अख्खा, कुठं भेग नाही, आणि रंग पार आतपर्यंत गेलेला. मधोमध बोराएवढा पिवळा गाभा काय तो उरला होता.

चाचांनी तो तुकडा तळहातावर घासला. हात लाल झाला. "इत्ते अंदर तक," ते म्हणाले. मग हळूच म्हणाले, "ये तो अब निकलताच रहेगा, रंगारी." आणि घरी गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी मी पाहिलं तर काट्या काढलेल्या होत्या.

निघेल तेवढा मुरूम गाड्यांनी बाहेर नेऊन टाकला. पण विहिरीच्या पोटाशी खणलं तर विहीरच ढासळायची. तिथं वाट बघण्याशिवाय इलाज नव्हता. दर अमावस्येला मामंजी एक पांढरी लड विहिरीत सोडत, वाळवत आणि तिचा धागा आढ्याला बांधून ठेवत. रंग उतरत होता, पण इतका सावकाश की शेजारच्या दोन धाग्यांत फरक दिसायचा नाही. माझ्या मुली मोठ्या झाल्या. मामंजींचं एकच म्हणणं असायचं, "डोळे मिटायच्या आत भाईची विहीर पांढरी बघायची हाय."

डोळ्यांनी आधीच दगा दिला. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आले आणि त्यांना उजेड तेवढा कळू लागला. मग लड चाचाच ओढून काढत. त्यांचा टांगाही तोवर सुटला होता. एका दुपारी ते वाळलेली लड घेऊन आमच्या ओसरीवर आले. मी दारात होते. लड पेरूच्या गरासारखी फिकी गुलाबी होती.

मामंजींनी विचारलं, "भाई, रंग कसा हाय?"

चाचांनी लडीकडं पाहिलं, मग माझ्याकडं. मी मान खाली घातली.

"सफेद है," चाचा म्हणाले. "दूध के जैसा."

मामंजींनी हात पुढं केला. चाचांनी लड दिली. जन्माची सवय, मामंजींनी एक धागा ओढून जिभेला लावला. पाणी अजून खारं होतं. आम्ही त्यात डाळ घालत नव्हतो. मामंजींनी धागा तसाच जिभेवर ठेवला आणि चेहरा अजिबात हलू दिला नाही. मग तो काढून लडीत नीट गुंडाळला.

"व्हय," ते म्हणाले. "पांढरा हाय. आता बघायचं बंद करू, भाई."

चाचा त्यांच्या शेजारी बसले. दोघं पूर्वीसारखे बसून राहिले. मी आत येऊन पदर तोंडात कोंबला.

मामंजी त्याच वर्षी थंडीत गेले आणि चाचा पुढच्या उन्हाळ्यात. मी मात्र दर अमावस्येला लड सोडत राहिले. सासूबाई मला खुळी म्हणायच्या. एका वर्षी लड वर आली ती जशी सोडली होती तशीच. उन्हात धरली, सावलीत धरली, पांढरीच होती. दाखवायला कुणी नव्हतं. मी विहिरीच्या कट्ट्यावर बसले आणि धागा जिभेला लावला. कशाचीच चव आली नाही.