डावीकडे वळलेली चाकं

या सदरातले अनुभव मी नेमाने वाचतो, पण हसायला. कुणाला घाटात पांढरी साडी दिसते, कुणाला रिकाम्या फ्लॅटमधून पैंजण ऐकू येतं, आणि शेवटी सगळ्यांच्या अंगावर 'आजही काटा येतो'. अहो, काटा येतो तर स्वेटर घाला! मी बावीस वर्षं चाकणला गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या एका कंपनीत क्वालिटीला आहे. दुसऱ्याने बनवलेल्या वस्तूत खोट काढायची, याचाच मला पगार मिळतो. नवी स्कूटर घेतली तेव्हा मेघाने, म्हणजे माझ्या बायकोने, चाकाखाली लिंबू ठेवलं होतं. मी ते उचललं आणि सरबत करून प्यायलो. असा माणूस तुम्हाला पत्र लिहितोय, एवढं ध्यानात ठेवून पुढे वाचा.

माझा छंद म्हणजे स्केल मॉडेल. खऱ्या गाडीच्या चोविसाव्या हिश्श्याएवढी गाडी बनवायची... ट्रक, टेम्पो, टँकर. याला 'खेळणी' म्हणणाऱ्याला आमच्या काळेवाडीच्या घरात चहा मिळत नाही. आमच्या भागातल्या असल्या हौशी लोकांचा एक व्हॉट्सअॅप ग्रुप आहे. त्यातले बहुतेक जण परदेशी किट मागवतात, आकड्यांप्रमाणे तुकडे चिकटवतात आणि फोटोखाली 'माय लेटेस्ट बिल्ड' लिहितात. बाकीचे लाइकचे अंगठे टाकतात. एकमेकांची पाठ खाजवायचा धंदा सगळा. मी प्लास्टिकची शीट, पितळेची तार आणि बॉलपेनच्या रिफिल यांतून अख्खी गाडी उभी करतो. आणि पुढची चाकं एकदम सरळ! काही मंडळी चाकं जराशी वळवून ठेवतात, म्हणे गाडी जिवंत दिसते. मी पुढचा अॅक्सल म्हणजे एक सलग पट्टी बसवतो आणि चाकं तिला एपॉक्सीने कायमची चिकटवून टाकतो. वळण्याचा प्रश्नच ठेवत नाही.

गेल्या वर्षी दिवाळीनंतर आमच्या डॉकवर माल उतरवणारा संतोष माझ्याकडे आला. मूळचा लातूरकडचा, वय असेल बत्तीस. पूर्वी हाच एका व्हेंडरचा सतरा फुटी टेम्पो घेऊन आमच्या गेटवर यायचा. मग त्याचा अपघात झाला. भर दुपारी, तीनला फर्स्ट शिफ्ट सुटायच्या वेळेला, एमआयडीसीतल्याच रस्त्यावर टेम्पो कडेला उभ्या असलेल्या ट्रेलरवर आदळला. केबिनमध्ये त्याच्या शेजारी त्याचे दाजी बसले होते, थोरल्या बहिणीचे यजमान. कंपनीतून सुटून घरी निघाले होते, मेव्हण्याची गाडी दिसली म्हणून चढले. ते जागीच गेले. संतोषच्या डोक्याला मार लागला आणि अपघाताच्या आधीची दहा-पंधरा मिनिटं त्याच्या आठवणीतून साफ पुसली गेली. पोलिसांनी लिहिलं, चालकाला डुलकी लागली. ताईनेही तेच धरलं. तेराव्याला तिने सगळ्यांसमोर त्याला दाराबाहेर काढलं, आणि त्यानंतर एक शब्द बोलली नव्हती.

"साहेब, तुम्ही गाड्या बनवता म्हणं," संतोष म्हणाला. त्याला त्याचा टेम्पो बनवून हवा होता. खरा कधीच भंगारात गेला होता. डॉक्टरांनी सांगितलेलं, जुने फोटो बघत जा, आठवलं तर आठवेल. फोटो बघून काही होत नव्हतं. गाडी हातात धरून बघायची होती. "माझा डोळा लागला का न्हाई, एवढंच कळू द्या. लागला असंल तर लागला. पण कळू द्या."

मी काय बोललो ते लिहायला लाज वाटते, तरी लिहितो. मी म्हणालो, "संतोष, दुपारचं जेवून गाडी चालवणारा प्रत्येक ड्रायव्हर पेंगतो, तूही पेंगलास. त्यासाठी मॉडेल कशाला पाहिजे? आणि हे काय डॉक्टरचं दुकान आहे?" त्याने मोबाईल काढला. चारेक फोटो होते ते माझ्या मोबाईलवर पाठवून गेला.

मग काम घेतलं कशाला? दया आली म्हणून नाही, उगाच मोठेपणा देऊ नका. या टेम्पोचं किट जगात कुणी बनवत नाही, आणि ग्रुपवरच्या एकाच्याही बापाला तो जमला नसता, म्हणून घेतलं. दोन महिने लागले. शनिवार-रविवार, शिवाय सुट्ट्या. दाराच्या कड्या तारेतून वाकवल्या, वायपर रिफिलच्या टोकांतून केले, मागच्या फळीवरची हिरवी पट्टी चार वेळा रंगवली. मेघा म्हणाली, मेलेल्या माणसाची गाडी घरात कशाला? मी म्हटलं, गाडी मेलेल्या माणसाची नाही, जिवंत माणसाची आहे, आणि प्लास्टिकची आहे.

शेवटी चाकं बसवली. काचेवर ठेवून पाहिलं, सहाही टेकली. पुढची दोन काटकोनात, सरळ. संध्याकाळी हे झालं. दुसऱ्या दिवशी कामावरून आलो तर पुढची दोन्ही चाकं डावीकडे वळलेली!

पहिला संशय अर्थातच घरच्यांवर. मेघाला विचारलं. ती म्हणाली, "तुमच्या त्या भातुकलीला हात लावायला मला सवड आहे का?" आमच्याकडे मूल नाही, मांजर नाही. मग मी एपॉक्सीला शिव्या घातल्या. दोन नळ्यांचं प्रमाण चुकलं असेल, नीट वाळलं नसेल. खरवडून काढलं, नवं लावलं, दोन दिवस क्लॅम्पमध्ये आवळून ठेवलं. क्लॅम्प काढल्यावर सरळ होती. शिफ्ट करून आलो तर पुन्हा डावीकडे.

आता मी इरेला पेटलो. चाकातून पट्टीत आरपार छिद्रं पाडली आणि पितळेच्या पिना ठोकल्या, की पीन तुटल्याशिवाय चाक हलूच नये. चारी बाजूंनी फोटो काढले. मॉडेल अॅक्रिलिकच्या डब्यात ठेवलं आणि कंपनीत तपासलेल्या खोक्याला करतो तसं झाकणाच्या फटीवर स्टिकर चिकटवून त्यावर आडवी सही केली. स्टिकर सोलला तर सही फाटणार. त्या दिवशी रजाच टाकली आणि समोर बसून राहिलो. पंचेचाळीस वर्षांचा माणूस रजा टाकून प्लास्टिकच्या चाकांवर पहारा देतोय... मेघा हसून हसून दमली. चाकं हलली नाहीत. दुपारी तीनच्या सुमाराला उठून चहा टाकला, कप घेऊन आलो, पाच मिनिटं झाली असतील. चाकं वळलेली होती आणि स्टिकरवरची सही जशीच्या तशी.

डबा उघडला. पिना तुटल्या नव्हत्या, वाकल्या नव्हत्या. छिद्रं मुळात तिरकीच पाडली असावीत, अशा तिरक्या बसल्या होत्या. मोबाईलमधल्या फोटोत मात्र सरळ दिसत होत्या. मग मी कोनमापक लावला, आणि खरं सांगायचं तर भीती तिथे वाटली. डावं चाक चोवीस अंश वळलं होतं आणि उजवं एकोणीस. तुम्हाला यात काही वाटणार नाही, म्हणून सांगतो. गाडी डावीकडे वळते तेव्हा आतल्या चाकाला लहान गोल घ्यायचा असतो, बाहेरच्याला मोठा. म्हणून आतलं जास्त वळतं, बाहेरचं कमी. खऱ्या गाडीत त्यासाठी चाकांच्या मधे दांड्यांची जोडणी असते. माझ्या मॉडेलला जोडणी सोडा, स्टीअरिंगच नव्हतं, केबिनमध्ये नुसतं कडं चिकटवलेलं होतं. कुणी खोडी काढली असती तर दोन्ही चाकं सारखी वळवली असती. ही चाकं रस्त्यावरच्या गाडीसारखी वळली होती. कुणाला सांगावं तर ज्यांना आयुष्यभर हसलो तेच सगळे समोर आले, म्हणून गप्प बसलो.

रविवारी सकाळी संतोष गाडी न्यायला आला. मी आधीच सारवासारव केली, की चाकांत फॉल्ट आहे, आठवडाभर थांब, बदलून देतो. तो म्हणाला, बघू तर द्या. जमिनीवर मांडी घालून बसला, गाडी मांडीवर घेतली, अंगठ्याने हिरवी पट्टी चाचपली. मग त्याची नजर पुढच्या चाकांवर गेली आणि तो हलेनाच.

"साहेब, ही कुणी वळवली?"

मी म्हणालो, कुणी नाही, डिंक नीट बसला नाही. त्याने ते ऐकलं असेल असं मला वाटत नाही. त्याने गाडी खाली ठेवली, डोळे मिटले, दोन्ही हात स्टीअरिंग धरल्यासारखे पुढे केले आणि डावीकडे ओढले. एकदाच, जोरात. मेघा स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली.

मग त्याला सगळं आठवलं. शिफ्ट सुटली होती. डिव्हायडरच्या फटीतून एक पोरगी स्कूटीवर राँग साइडने घुसली, कंपनीचा निळा शर्ट, डोक्यावर हेल्मेट नाही. उजवीकडून एकदम पुढ्यात. तो तिला चुकवायला डावीकडे वळला आणि डावीकडे ट्रेलर उभा होता. पोरगी निघून गेली, तिने मागे वळूनही बघितलं नसेल.

"जागा होतो मी, साहेब," तो म्हणाला. मला काय आनंद झाला म्हणून सांगू. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणालो, अरे मग सुटलास की तू. तेव्हा त्याने वर बघितलं, आणि मला कळलं की मी पुन्हा एकदा माती खाल्ली आहे.

"डावीकडं दाजी बसले होते," संतोष म्हणाला. "मी जागा होतो आन् मी त्यांच्या बाजूनं घातली गाडी. यापरीस झोप लागली असती तर बरं झालं असतं."

दुसऱ्याची खोट काढायची एवढी सवय, पण या माणसाची खोट कुठे होती ते मला दाखवता आलं नसतं. मी एवढंच म्हणालो, की चाकं सरळ करून देतो, कुणाला काही सांगू नकोस. तो म्हणाला, "नको. अशीच ताईला दाखवायची." आणि गाडी उचलताना, "तुम्ही संगं येता का?"

गेलो. त्याची ताई मारुंजीला भाड्याच्या दोन खोल्यांत राहते, आयटीवाल्यांकडे स्वयंपाकाची कामं करते. दारात भावाला बघून तिने तोंड फिरवलं, पण मागे मी परका माणूस होतो, म्हणून आत घेतलं. संतोषने टेम्पो तिच्या पुढ्यात टेकवला आणि एक शब्दही न वगळता सगळं सांगितलं. डावीकडे वळवल्याचंही सांगितलं. मी असतो तर तेवढं गाळलं असतं.

ती गाडीकडे बघत होती. नजर न उचलता तिने विचारलं, "ते काही बोलले का?"

संतोषने मान डोलावली. "आधी त्यांनाच दिसली ती. 'संत्या, पोरगी... पोरगी!' एवढं वरडले. मग मी वळवली."

ताईने पदर तोंडाशी धरला. वाटलं, आता ही त्याला शिव्या देणार, मॉडेल भिंतीवर फेकणार. तिने हात पुढे केला आणि एका बोटाने ते वळलेलं चाक हळूच शिवलं. "ते तसंच करायचे," ती म्हणाली. "रस्त्यात कुणाचं पोर दिसलं की माझ्या अंगावर वरडायचे, त्याला सांभाळ म्हणून." आणि मग ती भावाच्या गळ्यात पडून रडली. दीड वर्ष साठलेलं असेल, ते सगळं निघालं. मी उठून बाहेर पायरीवर जाऊन बसलो. रडणाऱ्या लोकांबद्दल माझं मत काय आहे ते ग्रुपवरच्या मंडळींना विचारा, पण त्या पायरीवर माझाही रुमाल भिजला होता.

त्यानंतर कंपनीतल्या प्लास्टिकच्या जाणकारांना मी आडून आडून विचारलं. एक म्हणतो उष्णतेने पट्टी पिळवटली असेल. दुसरा म्हणतो शीटमध्येच ताण होता. चांगलंय! मग तो ताण स्टिकर न फाडता, पीन न वाकवता, एका चाकाला चोवीस आणि दुसऱ्याला एकोणीस अंश कसा देतो, असं विचारलं की दोघेही चहा प्यायला निघून जातात. तीच शीट, तेच एपॉक्सी वापरून मी तसेच आणखी दोन अॅक्सल बनवून ठेवलेत. सहा महिने झाले, केसभरही हललेले नाहीत. माझ्याकडे स्पष्टीकरण नाही. तुमच्यापैकी कुणी मला भूतबीत सांगू नये, मी अजूनही उत्तर देणार नाही.

मारुंजीला अधूनमधून जातो, परवाही जाऊन आलो. टेम्पो फ्रिजवर होता, चाकं डावीकडेच. संतोष बाजारातून भाजी घेऊन आला होता आणि ताई त्याला वांगी किडकी आणली म्हणून बोलत होती. मी इतक्या वेळा गेलो, चहा प्यायलो, पण ती चाकं वळली कशी, हे त्या दोघांपैकी कुणीही मला आजवर विचारलेलं नाही. ते कळायला हवंय ते फक्त मला.