आभाळरावांचे अकरा डबे

माझ्या लग्नात अंतरपाटाचं एक टोक भाऊजींच्या हातात होतं. तिसरं मंगलाष्टक चालू असताना वर कुठेतरी घरघर झाली आणि भाऊजींनी हातातलं टोक सोडून मांडवाबाहेर धूम ठोकली. अंतरपाट खाली आला. भटजी संतापले, सासूबाईंनी कपाळावर हात मारून घेतला, आणि मी नवऱ्याचं तोंड दोन मंगलाष्टकं आधीच पाहिलं. भाऊजी परतले ते अक्षता पडून गेल्यावर. "वैनी, माफी असावी. दुहेरी पंखाचं होतं," एवढंच म्हणाले.

नात्याने ते माझे चुलत दीर, पण अख्खं डोंगरकडा त्यांना आभाळराव म्हणायचं. विमानाचा आवाज आला की भरल्या ताटावरून उठायचे. सासूबाई म्हणायच्या, "याला वाढू नका, बांधून द्या."

मुंबईला एका सिनेमा कंपनीत रिळं धुण्याचं काम करून ते हाताने फिरवायचा कॅमेरा घेऊन गावी परतले होते. गोष्टीच्या सिनेमाचं त्यांना वावडं. "रंगवलेला राजा काहून काढायचा? खरा माणूस काढावा," म्हणायचे. त्यांनी जवळा बाजारचा आठवडी बाजार काढला, कापसाच्या गाड्या काढल्या. जिथे विमान उतरल्याची खबर येई तिथे बैलगाडीने, नाहीतर पायी जाऊन ते काढलं. बाजारच्या दिवशी संध्याकाळी धोतर ताणून ही चित्रं दाखवायचे. पडद्यावर स्वतःचा बैल दिसला की त्याचा धनी त्याला नावाने हाक मारायचा. भाऊजींना त्यात सगळं मिळून जायचं.

दुसरा नाद पुस्तकाचा. आपल्या मुलखावरून गेलेल्या, उतरलेल्या, पडलेल्या विमानांचा इतिहास त्यांना मराठीत लिहायचा होता. अक्षर मात्र असं की स्वतःचं लिहिलेलं स्वतःला लागत नसे. मी चौथी पास आणि अक्षर बरं, म्हणून पक्की प्रत करायचं काम माझ्या गळ्यात आलं. मी कुरकुर करायची आणि लिहायची. पानापानावर ते चित्रासाठी चौकट मोकळी ठेवायला लावत. नागपूरच्या एका छापखान्याने कळवलं होतं, चित्रं असतील तर पुस्तक छापू. ती चित्रं रिळांतून निघायची होती आणि रिळं होती अकरा डबे. पंधरा वर्षांची कमाई.

अपघाताच्या नोंदीत त्यांचा एक नेम होता. आधी माणसं, मग विमान. वारंग्याजवळ एक विमान कापसाच्या शेतात पडलं, तेव्हा भाऊजी आधी वैमानिकाला पाणी पाजत बसले. तोवर लोकांनी पंखाचं कापड फाडून घरी नेलं. मी म्हटलं, "पंखाशिवाय कसलं चित्र काढलंत?" तर म्हणाले, "माणसं बराबर असली वैनी, की बाकीचं पुन्हा होतंय."

अठ्ठेचाळीस साली घराघरांत रझाकारांची धास्ती शिरली. विमानांची चित्रं कुणाच्या हाती लागली असती तर भाऊजी हेर ठरले असते. पुरुषमंडळी हद्द ओलांडून वऱ्हाडात निघाली. सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या, म्हणून मी मागे राहिले. जाताना भाऊजींनी डबे माझ्या हवाली केले. "रांजणाखालच्या वाळूत पुरा. गारवा पायजे यांना. उबेला ठेवू नका," असं दोनदा सांगितलं.

शेजारच्या गावात झडती झाली आणि रांजणाखाली उकरलं, असं कानावर आलं. मी शहाणपणा केला. वाळूतले डबे काढून जमिनीखाली खणलेल्या ज्वारीच्या पेवात घातले आणि पेवाचं तोंड मातीने लिंपलं. पेवात टाकलेलं वर्षानुवर्षं टिकतं, एवढंच डोक्यात होतं. पेव उघडल्यावर आतली वाफ जाईस्तोवर माणूस उतरवू नये, हे मी दरवर्षी गड्यांना बजावत असे. ती ऊब मला ठाऊक होती. तरी त्या दिवशी ती आठवली नाही. आमच्या घरी झडती आलीच नाही.

पोलीस कारवाई झाली, माणसं परतली, पेव उघडलं. भाऊजींनी पहिल्या डब्याचं झाकण काढलं तेव्हा आंबूस वास आला. रीळ नव्हतंच, काकवीसारखा चिकट गोळा होता. त्यांनी अकराही डबे उघडून पाहिले. मी खांबाला टेकून रडत होते. "वैनी, काहून रडून राहिल्या?" ते म्हणाले. "घरची माणसं बराबर हायेत ना?"

पुढे आठवड्याने त्यांनी वहीचं शेवटचं पान मला सांगून लिहवून घेतलं. ठिकाण डोंगरकडा. माणसं बराबर. नुकसान, अकरा डबे. मी म्हटलं, "पेवात कुणी घातले तेही सांगा."

"ते न्हाई लिहायचं," म्हणाले.

कॅमेरा खुंटीला लागला तो पुन्हा उतरला नाही. त्याच हिवाळ्यात एकदा मी त्यांना वाढत होते आणि डोक्यावरून विमान गेलं, अगदी खालून. माझा हात थांबला. भाऊजींनी भाकरीचा तुकडा मोडला, आमटीत बुडवला आणि खाल्ला. वर पाहिलं नाही.

भाऊजींना जाऊनही आता बरीच वर्षं झाली. मोकळ्या चौकटींची ती वही माझ्यापाशी आहे. शेवटच्या पानावर, माझ्याच चांगल्या अक्षरात, माणसं बराबर असं लिहिलेलं आहे. ती नोंद खोटी आहे, आणि ते मला त्या ताटापाशीच कळलं होतं.