रिबकामावशीच्या गाडीचा मागचा दिवा

ज्या अंगणात एक जुनी गाडी आणि दोन-तीन जाणकार असतात, तिथे किस्से आपोआप साठत जातात. जुने नटबोल्ट कसे, कुणी टाकून देत नाही, 'लागतील कधीतरी' म्हणून डब्यात पडून राहतात, तसंच. वरसेला आमच्या अंगणात तीन घरं. एक माझं, मी रोह्याच्या कंपनीत शिफ्टला जातो. दुसरं दिलीपचं, त्याचा पिकअप टेम्पो आहे, पेण-रोहा भाडी मारतो. तिसरं रिबकामावशीचं. आमच्या डब्यातले निम्मे नटबोल्ट एकट्या मावशीचे आहेत.

मावशी बेने इस्रायल, म्हणजे इथली कोकणातली ज्यू. नातेवाईक सगळे केव्हाच इस्रायलला गेले, पाठोपाठ मुलगा दानियलही गेला. मावशी राहिली. का राहिलीस विचारलं तर म्हणते, "मला तिकडचे पोहे आवडत नाय." तिकडे पोहे कोण करणार, हे तिला पक्कं ठाऊक आहे.

*

मावशीचे यजमान, बेनीकाका, गेले तेव्हा त्यांची गाडी दारात तशीच उभी राहिली. दानियल फोनवर म्हणाला, "विकून टाक." मावशी तेव्हा साठीला आलेली. जन्मात सायकलसुद्धा चालवली नव्हती. ती दिलीपला म्हणाली, "मला शिकव."

दिलीप तिला मैदानावर घेऊन गेला आणि तासाभराने परत आला तो चालत. एकटाच.

"मावशी कुठाय रे?" मी विचारलं.

"येतेय मागून."

"एकटी?"

"मला म्हणाली, तू शेजारी बसून घाबरतोस, त्यात माझं लक्ष जातं. उतर."

थोड्या वेळाने गाडी अंगणात आली. पहिल्या गिअरमध्ये, अशी काही किंचाळत की कुत्री माळ्याच्या वाडीपर्यंत पळाली. मावशी उतरली, पदर झटकला आणि दिलीपला म्हणाली, "दुसरा गिअर कुठे असतो तेवढं सांग, बाकी जमलं."

*

तेव्हापासून मावशीची बँक, बाजार, दवाखाना, पेणची मैत्रीण, सगळं त्या गाडीवर. दानियल सुट्टीत आला की एकच पालुपद लावायचा, "आई, आता माझ्याकडे चल." शेवटी एकदा मावशीने ओटीवर बसून, मला आणि दिलीपला साक्षीला ठेवून त्याला सांगितलं, "जोवर मी गाडी चालवते तोवर मी इथली. ज्या दिवशी नाय जमणार त्या दिवशी तिकीट काढ. एक शब्द बोलणार नाय मी."

मावशी बोलली म्हणजे बोलली. आमच्या अंगणात कुणाला ते समजावून सांगावं लागत नाही. गाडी आहे तर मावशी आहे, एवढा सरळ हिशेब.

*

आणि नेमकी ह्याच गाडीला पेणच्या वाटेवर निडी गावाजवळ मागून रिक्षा धडकली. मावशीने म्हैस बघून ब्रेक मारला, रिक्षावाल्याला कळलंच नाही. तो तणतणत उतरला. "मावशी, ब्रेक मारलात ते कळायला नको मागच्याला?"

दुसरं कुणी असतं तर तिथेच जुंपली असती. मी असतो तर नक्की जुंपली असती. मावशीने काय करावं? त्याला स्वतःच्या सीटवर बसवलं, म्हणाली, "दाब ब्रेक." स्वतः मागे जाऊन उभी राहिली. दिवा लागला नाही. दोन-तीनदा दाबायला लावला, तरी नाही. पुढे येऊन त्याला म्हणाली, "तुझं बरोबर हाय. चल, चहा घे."

तो रिक्षावाला अजून मला भेटला की म्हणतो, "धडक मी दिली आणि बरोबर पण मीच. असं माणूस मी बघितलं नाय."

*

बरं, दिवा लागत नाही हे कळल्यावर माणूस घरी परतेल की नाही? मैत्रिणीला येते म्हणून सांगितलं होतं, मग मावशी तशीच पेणला गेली. ब्रेकला पाय लावायच्या आधी दर वेळी उजवा हात खिडकीबाहेर काढायचा, तळवा खाली, वर-खाली हलवायचा. जुन्या काळचे ड्रायव्हर करायचे तसा.

दिलीप पेणहून भाडं घेऊन येत होता, त्याने समोरून पाहिलं. "तुला खोटं वाटेल," मला म्हणाला, "समोरून येणारे सगळे तिला परत हात करत होते. एसटीवाल्याने तर हॉर्न देऊन नमस्कार केला. मंत्र्याची गाडी पण एवढ्या मानाने जात नाय."

आम्ही खूप हसलो. पण सहासष्ट वर्षांची बाई, तो सगळा ट्रॅफिक, आणि ती हात बाहेर काढून, न चुकता, पेणपर्यंत. नंतर एकटा बसलो की मला त्याचं हसू येत नाही.

*

मी बल्ब बदलला. दिलीपने फ्यूज बदलला. आपापल्या वेळी दोघांनीही छातीठोक सांगितलं होतं की दोष हाच आहे. मग उरलं ब्रेकच्या पेडलवरचं स्विच. दिलीपने पेणहून नवीन आणलं, पण आणलं शनिवारी. शनिवार म्हणजे मावशीचा शब्बाथ. ती त्या दिवशी गाडीला हात लावत नाही, दिवा लावत नाही आणि कुणाला लाव म्हणून सांगतही नाही.

"तू नुसती बस," आम्ही म्हणालो. ती ओटीवर खुर्ची टाकून बसली.

हे स्विच म्हणजे बोटभर वस्तू. पेडल वर असलं की स्विचची पिन दाबलेली राहते, दिवा बंद. पेडल खाली गेलं की पिन सुटते, दिवा लागतो. बसवणं सोपं, पण पेडलखाली उताणं झोपून, मान वाकडी करून. आम्ही आळीपाळीने झोपलो. स्विच बसवलं. ह्या कामाला खरं तर एक माणूस पेडल दाबायला आणि एक मागे उभं राहून 'लागला, गेला' सांगायला लागतो. पण दोघांनाही पेडलखालीच घुसायचं होतं, मागे कुणी गेलंच नाही. मग बाहेर येऊन हात झटकले, चहा प्यायलो, क्रिकेटवर भांडलो.

मावशीने मात्र एव्हाना खुर्ची फिरवून गाडीच्या मागच्या बाजूकडे तोंड केलं होतं. एकदा गाडीकडे बघायची, एकदा आमच्याकडे. तोंडातून अवाक्षर नाही. आम्हाला वाटलं, कौतुक चाललंय.

संध्याकाळी आकाशात चांदण्या आल्या, शब्बाथ संपला. मावशी पहिलं वाक्य बोलली, "सकाळपासून लालभडक पेटलाय तो. बॅटरी गेली असेल."

"अगं मावशी, मग सांगायचंस की!"

"सांगितलं असतं तर तुम्ही बंद केला असतात. म्हणजे मीच काम सांगितल्यासारखं झालं."

स्विच पुरेसं आत बसलं नव्हतं. बॅटरी अर्थातच मेली होती.

*

त्याच संध्याकाळी दानियलचा फोन आला. निडीची धडक त्याच्या कानावर गेली होती. कशी, ते विचारू नका, रोह्यात कुणाला शिंक आली तरी तिकडे कळतं. फोन स्पीकरवर होता. तो चिडला असता तर बरं झालं असतं. तो अगदी हळू बोलत होता.

"आई, मागून येऊन कुणी आपटतं म्हणजे तुझा पाय ब्रेकवर उशिरा पडतो आणि गाडी एकदम थांबते. मला इथे झोप येत नाही गं. पेणचा एकजण सोमवारी सकाळी गाडी बघायला येतोय. मी बोललोय त्याच्याशी. तुझं वचन आहे."

मावशी म्हणाली, "दिवा बिघडलाय, पाय नाय."

"ह्या वयात सगळे असंच म्हणतात आई."

मावशीने ओटीवरून एकदा गाडीकडे पाहिलं. मग म्हणाली, "येऊ दे त्याला."

त्या ओटीवर मावशी नाही, हे चित्र मला डोळ्यांसमोर आणताच येईना. दिलीपने बॅटरी काढली आणि चार्जिंगला लावायला घरी नेली.

*

रविवारी माझी फर्स्ट शिफ्ट. दिलीपला पेणहून गणपतीच्या मूर्ती न्यायच्या होत्या, ते भाडं सोडणं शक्यच नव्हतं. सकाळी बॅटरी बसवून तो गेला. मावशी एकटी, आणि गाडी बघणारा उद्याच येणार.

पुढचं मला हिराबायनं सांगितलं. हिराबाय म्हणजे आमच्याकडे मासळी घेऊन येणारी कोळीण. ती पाटी घेऊन अंगणात शिरली तर गाडीच्या उघड्या दारातून दोन पाय बाहेर आलेले. तिने पाटी टाकली आणि ओरडली, "अगो रिबका, काय झाला गो तुला?"

आतून आवाज आला, "काय नाय झाला. तो बाराचा पाना दे."

"माझ्या हाताला बोंबलांचा वास हाय गो."

"पान्याला नाक नाय. दे."

शनिवारी आम्ही काय करतोय ते मावशीने ओटीवरून शब्दही न बोलता सगळं पाहून ठेवलं होतं. बॅटरीची वायर आधी काढली होती. स्विचचा कप्लर, म्हणजे वायरचा जोड, ओढला, नट सैल केला, स्विच आत घेतलं, नट आवळला, सगळं परत जोडलं. हिराबाय पाने देत बसली. पण ऊन वाढलं तशी ती उठली, मासळी थांबत नाही. "मी जातंय गो," म्हणाली आणि गेली.

*

मी कंपनीतून परत आलो तेव्हा फाटकातच थांबलो. आत पाऊल टाकायचं धाडसच झालं नाही.

गाडीच्या मागे पाटा उभा करून ठेवलेला, त्याला टेकून मावशीचा मोबाइल. मोबाइलमध्ये दानियल. तिकडे रविवार म्हणजे कामाचा दिवस, तो कुठल्या तरी गोदामात उभा होता, डोक्यावर पिवळं हेल्मेट. मावशी पुढे स्टिअरिंगवर, पदर खोचलेला, केसांत जळमट.

"आई, तू कुठेयस? मला नुसती गाडी दिसतेय. पडलीस का?"

"नाय पडले. मागे कुणी नाय म्हणून तुला उभा केलाय. लागला की सांग, गेला की सांग. बाकी काय बोलू नको."

मावशीने पेडल दाबलं.

"लागला," दानियल म्हणाला.

"आता?"

"गेला."

"आता?"

"लागला. लगेच लागला आई."

"नीट बघ. पाय उशिरा पडतो का बघ."

"नाही पडत."

मावशी दाबत राहिली, तो सांगत राहिला. काम केव्हाच झालं होतं. कुणीतरी मागून त्याला हाका मारत होतं, त्याने हात करून गप्प केलं. हेल्मेट काढून छातीशी धरलं होतं.

शेवटी मावशीने विचारलं, "झालं ना? ठेवू फोन?"

"थांब," दानियल म्हणाला. "चावी फिरव. आता रिव्हर्स टाक बघू."

मावशीने टाकला.

तो फोनच्या अगदी जवळ आला, डोळे बारीक करून बघत राहिला.

"आई, डावीकडचा पांढरा दिवा लागत नाही गं. शुक्रवारी मला सुट्टी असते. दुपारी तो करू."