व्हाळाला न पुरणारे पाइप

कणकवलीहून आमच्या वाडीत यायला एकच रस्ता आणि वाटेत डोंगरातून उतरणारा व्हाळ आडवा येतो. पूर्वी त्यावर लाकडी साकव होता. चार वर्षांपूर्वी तो काढून सिमेंटचे तीन पाइप टाकले, वर काँक्रीट ओतलं, झाली मोरी. काम चालू होतं तेव्हा माझे चुलत सासरे रोज तिथे जाऊन उभे राहत. वय ऐंशीच्या पुढे, सगळा जन्म त्या काठच्या मळ्यात गेलेला. एकदा ते इंजिनिअरला म्हणाले, "सायबानू, ह्या पायपांत आमचो व्हाळ मावचो नाय."

तो हसला. "आजोबा, डिझाइन वरून मंजूर होऊन आलंय."

मी शेजारीच होते आणि गप्प राहिले. त्याबद्दल माझा स्वतःवरचा राग अजून गेलेला नाही.

गेल्या श्रावणात, लावणी होऊन महिना झाला असेल, एका सकाळी डोंगरावरून लाल पाणी उतरलं. त्याबरोबर वर तोडून टाकलेल्या झाडांचे ओंडके आले आणि पाइपांच्या तोंडाशी अडकले. तुंबलेलं पाणी बांध फोडून मळ्यात शिरलं. मी आणि माझी मोठी जाऊ घराच्या पायऱ्यांवरून बघत होतो. "माझे कुणगे गो, माझे कुणगे," एवढंच ती भाताच्या खाचरांकडे बघत म्हणत राहिली. पाणी ओसरल्यावर मळ्यात गुडघाभर रेती आणि गोटे. आपलं शेत कुठे संपतं आणि दुसऱ्याचं कुठे सुरू होतं तेही कळेना. दोन्ही बाजूंचा रस्ता वाहून गेला होता. मोरी तेवढी मधोमध धडधाकट उभी!

पंचनाम्याला आलेले साहेब पलीकडच्या काठावरच थांबले. "फोटो पाठवा, पिकाचं नुकसान लिहून घेतो."

"पिकाचं नंतर! जमीनच रेतीखाली गेलीय. इकडे या आणि पाय घालून बघा," मी ओरडले. त्यांनी आपल्या बुटांकडे पाहिलं, फाइल काखेत मारली आणि गेले.

दिवाळीनंतर बांधकाम खात्याने जुनी मोरी फोडून काढली आणि ट्रक आला. त्यात नवे पाइप. मी ब्लाउज शिवते. घरातली टेप घेऊन धावत गेले आणि फोडलेले जुने पाइप नि हे नवे, दोन्ही मोजले. तीच रुंदी. बोटभरही जास्त नाही. माझं डोकंच फिरलं. उतरवलेल्या पहिल्या पाइपावर मी जाऊन बसले. मागोमाग जाऊ आली, ती दुसऱ्यावर बसली.

इंजिनिअर तोच होता. "ताई, तुम्हाला रस्ता नको आहे का?"

"हवाय. पण पाणी जाईल असा हवाय. माझ्या सासऱ्यांनी तुम्हाला सांगितलं होतं ना?"

सासरे काठी टेकत आले होते. त्यांनी मळ्याच्या कुंपणाला असलेल्या चिऱ्याच्या गडग्यावरची पुराच्या चिखलाची रेघ काठीने दाखवली. ती इंजिनिअरच्या छातीपर्यंत येत होती. "हयसर पाणी इल्ला. आता तुमीच सांगा, ता जातला खयसून?"

 इंजिनिअरने बाजूला जाऊन फोन केला. दुपारी ट्रक पाइप भरून परत गेला.

मला वाटलं होतं, आता मोठा स्लॅबचा पूल होईल. महिने गेले, कोणी फिरकलं नाही. गावकऱ्यांनी पोफळीचे वासे टाकून पुन्हा साकव केला. रिक्षा त्याच्या पलीकडेच थांबते. शेजारीण डोक्यावर गॅसचा सिलिंडर घेऊन तोल सांभाळत आली आणि मला म्हणाली, "तुझ्या हट्टापायी आमका ह्यो तरास."  त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

मग बांधकाम खात्याच्या कार्यालयाचं पत्र आलं. एकच ओळ: स्थानिकांच्या विरोधामुळे काम रद्द करण्यात येत आहे.

सासऱ्यांना मी ते वाचून दाखवलं. त्यांनी दोनदा वाचायला लावलं. "इरोध? आमी इरोध केलो?" 

मी पाइपांची आणि पुराच्या रेघेची मापं घालून तीन पानी उत्तर लिहिलं. वाडीतल्या सगळ्यांच्या सह्या घेतल्या. शेजारणीनेही केली, माझ्याकडे न बघता. कणकवलीला जाऊन पत्र दिलं तेव्हा कारकून म्हणाला, "ठेवून जा, बघतो."

"पोच द्या," मी म्हटलं. शिक्का मारून हातात कागद पडेपर्यंत मी खिडकीसमोरून हलले नाही. उत्तर अजून आलेलं नाही. सोमवारी पुन्हा जाणार आहे, आणि या वेळी जाऊही येतेय.